कोकणात वापरण्यासाठी रंगीबेरंगी दोऱ्याचा जाळीदार, उठावदार स्कार्फ क्रोशाने कसा विणावा?

ताई, दोरा सुतीच घ्या. रत्नागिरीच्या दमट हवेत गळ्याभोवती लोकर सोसवत नाही, आणि पावसाळ्यात कपाटात राहिली की कुबट वास धरते. क्रोशाची सुई दोऱ्याच्या लेबलवरच्या मापापेक्षा अर्धा मिलिमीटर जाड घ्या, म्हणजे स्कार्फ ताठ न राहता अंगावर छान पडतो.

रंग बदलणाऱ्या दोऱ्यावर बारीक नक्षी घालू नका. अननसाची नक्षी मलाही फार आवडते, पण एवढ्या रंगांत ती दिसतच नाही. साधी व्ही-जाळी घ्या: एकाच घरात खांब (सुईवर एक वेढा घेऊन विणलेला उंच टाका), १ साखळी, खांब, पुढची व्ही मागच्या व्हीच्या पोकळीत. उठावासाठी दर चौथ्या ओळीत व्हीऐवजी बोंडं, म्हणजे फुगीर गोळे, घाला. एका पोकळीत ५ खांब अर्धवट काढायचे, म्हणजे प्रत्येकाचा शेवटचा लूप सुईवरच ठेवायचा, सुईवर ६ लूप झाले की सगळ्यांतून दोरा एकदम ओढायचा, मग २ साखळ्या. बोंड विणताना नेहमी आपल्या पलीकडच्या बाजूला फुगतं. त्यामुळे चौथी, आठवी, बारावी अशा सम ओळीच धरा. सगळी बोंडं एकाच बाजूला येतात. पुढच्या ओळीत व्ही बोंडाच्या डोक्यावर.

विणून झाल्यावर ओला करून, ताणून टाचण्या लावल्याशिवाय जाळी खुलत नाही. हे आषाढ-श्रावणात नकोच, दिवसेंदिवस ओलसर राहील. दसऱ्यानंतर करा, आणि वाळवा सावलीत. कडक उन्हात रंग विटतात. दोऱ्यात गडद लाल असेल तर आधी छोटा तुकडा भिजवून रंग सुटतो का, ते बघा.