भावाला तडीपारीची नोटीस आलीये, वकिलाला द्यायला पैसे नाहीत, काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की भाऊ गावात पाण्यासाठी मोर्चे काढतो, त्याच्यावर तीन केसेस आहेत, दोन मोर्चाच्या आणि एक जुनी हाणामारीची, आता प्रांत (उपविभागीय दंडाधिकारी) ऑफिसातून कलम ५६ ची नोटीस आलीये आणि घरातले म्हणतायत की गप्प बसू, आपोआप मिटेल. सगळ्यात आधी एवढं ऐका, हे आपोआप मिटत नाही. आम्ही गप्प बसलो होतो म्हणून सांगते.

माझ्या मिस्टरांना हीच नोटीस आली होती. हमालांच्या मजुरीसाठी ते बाजार समितीत पुढे असायचे. पहिली नोटीस डीवायएसपी ऑफिसातून आली तेव्हा आम्हाला वाटलं नेहमीसारखी चौकशी असेल, हजर झालेच नाहीत. मग प्रांतांची आली, तिला कुणाच्या तरी सांगण्यावरून चार ओळींचं उत्तर दिलं की आरोप खोटे आहेत. दोन महिन्यांनी ऑर्डर हातात, दोन वर्षं, तीन जिल्ह्यांतून. त्याच दिवशी गाडीत बसवून हद्दीबाहेर सोडलं. मुलगी तेव्हा चौथीत होती, तिला आम्ही सांगितलं बाबा कामाला गेलेत.

म्हणून आता नोटीस समोर घेऊन बसा. तिच्यात एक तक्ता असेल, पोलीस ठाणे, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), कलम आणि शेवटच्या रकान्यात केसची सद्यस्थिती. हा शेवटचा रकाना एकेक ओळ करून तपासा. आमच्या तक्त्यात ज्या केसमध्ये मिस्टर निर्दोष सुटले होते तिच्यापुढे 'न्यायप्रविष्ट' लिहिलं होतं, आणि हे आमच्या लक्षात आलं ते ऑर्डर निघाल्यावर. भाऊ हाणामारीच्या केसमध्ये सुटला असेल तर उद्याच कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करा आणि निकालाची सर्टिफाइड कॉपी काढा, साधी झेरॉक्स नको.

तक्त्याच्या खाली बहुतेक 'गोपनीय साक्षीदार अ' आणि 'ब' असतील, नाव नाही, गाव नाही. ते वाचून माणूस खचतो, मीही खचले होते. पण कायदाच असं म्हणतो की साक्षीदार उघडपणे पुढे यायला घाबरतात याची अधिकाऱ्याची स्वतःची खात्री पटली पाहिजे, आणि आरोपाचं साधारण स्वरूप तुम्हाला लेखी कळवलं पाहिजे, म्हणजे कुठल्या भागात, साधारण कधी, काय केलं. नुसतं 'परिसरात दहशत आहे' एवढंच लिहिलं असेल तर उत्तरात तसं स्पष्ट मांडा की यावरून आम्ही काय खुलासा द्यायचा.

साक्षीदार घाबरतात याची खात्री ही अट महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ५६ मध्येच आहे, बाकी सगळं कलम ५९ मध्ये. ऑर्डर काढायच्या आधी खुलासा द्यायची वाजवी संधी, वकिलामार्फत हजर राहायचा हक्क, आपले साक्षीदार तपासून घ्यायचा हक्क, आणि लेखी म्हणणं दिलं तर ते रेकॉर्डला लावावंच लागतं. म्हणून गावातली चार माणसं, पाणी भरणाऱ्या बायका, शाळेचे मास्तर, जे कोणी भावाला ओळखतात त्यांची नावं देऊन त्यांना तपासा असा अर्ज करा. अर्ज नाकारायचा असेल तर अधिकाऱ्याला कारण लिहावं लागतं. आणि प्रत्येक कागदाची पोच घ्या, आवक नंबर आणि शिक्का मारलेली, पोच नसेल तर आपण काही दिलंच नाही असं होतं.

आता पैशाचं. सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि ही मेहेरबानी नाही, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन करायचा तर १५१००. एक गोष्ट नीट समजून घ्या, बायकांना उत्पन्नाची अट नसली तरी अर्ज तुमच्या नावाने करू नका, नोटीस भावाला आहे तर अर्ज भावाचा. तो अनुसूचित जाती-जमातीतला किंवा दिव्यांग असेल तर उत्पन्न बघतच नाहीत, नाहीतर आपल्याकडे वर्षाला ३ लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. मला तिथल्या एका क्लार्कने सांगितलं होतं की प्रांतांपुढची सुनावणी ही कोर्टाची केस नाही, वकील मिळणार नाही, आणि मी मुकाट्याने परत आले. ते चूक होतं. त्याच कायद्यात 'न्यायालय' याच्या व्याख्येत अर्धन्यायिक, म्हणजे कोर्टासारखा निर्णय देण्याचं काम करणारे अधिकारीही येतात. तुम्हाला कोणी असं म्हणालं तर हेच सांगा, नाही ऐकलं तर जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना भेटा, ते न्यायाधीशच असतात.

वकील मिळाले की त्यांना दोन निकाल काढायला सांगा. जालन्याच्या एका प्रकरणात २८ जानेवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टाने तडीपारी रद्द केली. कोर्ट म्हणालं की हा असाधारण उपाय आहे, माणसाचा देशात कुठेही फिरण्याचा संविधानाच्या कलम १९(१)(ड) चा मूलभूत हक्क यात जातो, त्यामुळे वर्षानुवर्षांपूर्वीच्या गुन्ह्यांवर ऑर्डर टिकत नाही, आणि पूर्ण दोन वर्षं का याचं कारण दिसलं पाहिजे. दुसरा त्याच्या आदल्या वर्षीचा, ऑगस्ट २०२१ चा, अमरावतीचा, आणि तो तर तुमच्या भावासारख्याच माणसाचा आहे, सरकारी पैशाच्या गैरवापराबद्दल तक्रारी करणाऱ्याला तडीपार केलं होतं, तीही ऑर्डर सुप्रीम कोर्टाने उडवली. मोर्चाच्या केसेसची कलमंही वकिलांना नीट बघायला सांगा, कारण जमावबंदी मोडली, विनापरवाना जमले, हे कुणाला मारहाण केल्यासारखे किंवा मालमत्तेचे गुन्हे नाहीत आणि तो फरक खुलाशात ठळक आला पाहिजे.

एवढं करूनही ऑर्डर निघाली तर ऑर्डरच्या तारखेपासून ३० दिवसांत कलम ६० खाली सरकारकडे अपील, बऱ्याचदा ते विभागीय आयुक्तांपुढे चालतं, सोबत स्टेचा (स्थगितीचा) अर्ज लगेच जोडायचा. तिथेही नाही झालं तर हायकोर्टात रिट, त्यासाठीही फुकट वकील मिळतो. आणि भावाला एक शंभर वेळा बजावा की ऑर्डर चुकीची वाटली तरी ती रद्द होईपर्यंत परवानगीशिवाय हद्दीत पाऊल टाकायचं नाही, सणाला नाही, कोणी आजारी आहे म्हणून नाही, नाहीतर कलम १४२ चा नवा गुन्हा लागतो.

मिस्टरांची ऑर्डर अपिलात रद्द झाली, ते निर्दोष सुटल्याच्या त्या जुन्या निकालाच्या सर्टिफाइड कॉपीवर. पण तोवर चार महिने गेले होते. दर रविवारी मी एसटीने हद्दीपलीकडच्या स्टँडवर डबा घेऊन जायचे, तिथे बाकावर बसून आम्ही जेवायचो आणि संध्याकाळच्या गाडीने मी परत. ती कॉपी पहिल्याच खुलाशाला जोडली असती तर यातलं काही झालं नसतं असं मला अजून वाटतं.

नोटिशीवर सुनावणीची तारीख असेल, ती जवळ असेल तर आधी वकील नेमायला मुदत मिळावी असा एक पानी अर्ज प्रांत ऑफिसात द्या, पोच घ्या आणि तिथूनच थेट विधी सेवा समितीत जा.