आयत्या वेळचे विषय

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. पुण्यातला कात्रज-कोंढवा रस्ता पूर्ण व्हावा आणि उंड्रीकडे जाणाऱ्या बसच्या फेऱ्या वाढाव्यात, यासाठी तुमच्या सोसायट्यांनी सह्या गोळा केल्या आहेत आणि महापौरांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा तू माझ्याकडे तपासायला पाठवला आहेस. मागणी रास्त आहे, भाषाही नेटकी आहे. परंतु महापौर सभा चालवतात, तिजोरी चालवत नाहीत. शिवाय रस्ता आणि बस यांचे निर्णय दोन वेगळ्या ठिकाणी होतात, आणि दोन्ही मागण्या एकाच कागदावर असल्या की तो कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

माझी एक जुनी चूक सांगतो. उमेदीच्या काळात मी दुसऱ्या एका शहरात पालिकेचा वार्ताहर होतो. एका रस्त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद झाली तेव्हा मी ‘रस्ता मंजूर’ अशी ठळक बातमी दिली आणि तिथल्या रहिवाशांनी मला पेढे आणून दिले. पुढच्या फेब्रुवारीत सभा रात्री उशिरापर्यंत चालली होती. कार्यपत्रिकेवरचे विषय संपून आयत्या वेळचे विषय सुरू झाले, तेव्हा आता काही नवे घडणार नाही असे समजून आम्ही दोघे-तिघे खाली चहाला गेलो. परत आलो तर सभागृहातले दिवे मालवत होते. तेवढ्या अर्ध्या तासात त्या रस्त्याचा पैसा वर्गीकरणाने गल्लीबोळांच्या काँक्रीटकडे वळला होता, आणि मला ते आठ दिवसांनी, पेढे देणाऱ्यांपैकीच एकाकडून कळले.

वर्गीकरण म्हणजे अंदाजपत्रकातल्या एका कामाचा पैसा दुसऱ्या कामावर नेणे. ते नियमात बसते आणि पुष्कळदा गरजेचेही असते. म्हणूनच तरतूद झाली या बातमीवर समाधान मानू नकोस; वर्षअखेरीस त्या शीर्षावर किती खर्ची पडले ते विचार. पुण्यात नगरसेवकांच्या प्रभागातल्या कामांची ‘स’ यादी अंदाजपत्रकात असते. तुमच्या प्रभागाचे त्या यादीतले पान मिळव आणि मार्चमध्ये पुन्हा एकदा तेच पान काढून बघ.

कात्रज-कोंढवा रस्त्याचे दुखणे मात्र वेगळे आहे. आराखड्यात त्याची रुंदी 84 मीटर होती आणि लांबी सुमारे साडेतीन किलोमीटर. काम 2018 साली दिले गेले, पण जागाच ताब्यात नव्हती. ज्याची जमीन जाते त्याला पालिका हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, देऊ करते; पैशाऐवजी दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा, विकता येणारा हक्क. अनेक जागामालकांना रोख मोबदला हवा होता, आणि एवढी रोकड पालिकेपाशी नव्हती. अखेर रुंदी 50 मीटरवर आणली गेली. तेव्हा निवेदनात ‘रस्ता त्वरित पूर्ण करावा’ असे लिहून काही साधणार नाही. किती मीटर जागा ताब्यात आली, किती राहिली, राहिलेल्या जागेच्या मोबदल्यासाठी यंदा किती रक्कम ठेवली, एवढे तीन प्रश्न पथ विभागाला आणि भूसंपादन पाहणाऱ्या अधिकाऱ्याला विचार. डांबर शेवटी येते.

बसकडे वळतो. रस्ते बांधणे व राखणे हे महापालिका अधिनियमाच्या 63व्या कलमाने बंधनकारक कर्तव्य ठरते, तर प्रवासी वाहतूक 66व्या कलमात, ऐच्छिक कर्तव्यांत मोडते. पैसा कमी पडला की कशावर कात्री चालते, हे या दोन कलमांतच दिसते. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवांचे विलीनीकरण होऊन 2007 साली पीएमपीएमएल ही कंपनी झाली. तिच्या संचलन तुटीचा 60 टक्के भार पुणे आणि 40 टक्के पिंपरी-चिंचवड उचलते. 1 जून 2025 पासून किमान भाडे 5 रुपयांवरून 10 रुपये झाले आणि दैनंदिन पास 70 रुपयांचा झाला. भाडेवाढीला लागणारी प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची मान्यता घेतली गेली होती, परंतु त्या वेळी दोन्ही महापालिकांत प्रशासक होते, त्यामुळे मतदाराला जाब देणारा एकही नगरसेवक त्या निर्णयात नव्हता. पुण्यात मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षे प्रस्ताव ठेवणारा आणि तो मंजूर करणारा अधिकारी एकच असे. जानेवारी 2026 च्या निवडणुकीने 165 नगरसेवक पुन्हा सभागृहात आले आहेत, तर तुटीच्या रकमेबरोबरच तुमच्या मार्गावर प्रत्यक्ष किती गाड्या धावतात हे त्यांनी सभेत विचारावे, अशी मागणी कर. फेऱ्यांचे वेळापत्रक मागू नकोस, ते फलकावर असतेच. सुटलेल्या आणि रद्द झालेल्या फेऱ्यांची नोंद माग.

आता कराविषयी, कारण तुझ्या मसुद्यात त्याचा एक शब्दही नाही. घरचे मिळकतकराचे बिल समोर घे. सामान्य कर, सफाई कर, जललाभ कर, वृक्ष कर अशा ओळींत ‘पथकर’ ही एक ओळ सापडेल. हे दर अंदाजपत्रकानंतर ठरत नाहीत, आधी ठरतात: कायद्याने मुख्य सभेला पुढच्या वर्षीचे करदर 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. 2021 साली प्रशासनाने 11 टक्के वाढ सुचवली होती आणि ती फेटाळली गेली. वाढ फेटाळणारे आणि मग आपल्या प्रभागासाठी रस्ते मागणारे हात बहुधा तेच असतात, आणि टाळ्या वाजवणारे आपण असतो. जकात गेली, तिच्या जागी 2013 मध्ये आलेला स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांपुरता संपला, 2017 पासून जीएसटीचे अनुदान राज्याकडून येते; पालिकेच्या स्वतःच्या हातात मोठे असे मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचे शुल्क उरले. स्वतः राहत असलेल्या घरावरची 40 टक्के सवलत 1970 पासूनची, पण ती बंद झाल्यावर 2023 मध्ये पुन्हा मिळाली ती राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयाने. मला ती सवलत मिळते आणि मी ती सोडणार नाही, हेही प्रांजळपणे सांगतो.

उंड्री 2017 मध्ये हद्दीत आली. कर भरतो पण सुविधा नाहीत ही तुमच्याकडची तक्रार खोटी नाही, परंतु ती तक्रार म्हणून मांडलीस तर ऐकून सोडून देतील. तुमच्या सोसायट्यांनी गेल्या तीन वर्षांत भरलेल्या कराची बेरीज पावत्यांवरून कर आणि त्याच काळात तुमच्या भागातल्या रस्त्यांवर झालेला खर्च माहिती अधिकारात माग. दोन्ही आकडे निवेदनाच्या पहिल्या परिच्छेदात शेजारी-शेजारी ठेव.

मसुद्याचे दोन स्वतंत्र कागद कर: एक रस्त्याचा, खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीच्या अध्यक्षांना आणि पथ विभागाला, दुसरा बसचा, पीएमपीएमएलच्या अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालकांना, आणि त्याची प्रत तुमच्या प्रभागातल्या सर्व नगरसेवकांना. आवक-जावकचा शिक्का घेतल्याशिवाय मूळ प्रत देऊ नकोस. रविवारी सकाळी मी घरीच आहे. पावत्या आणि ‘स’ यादीचे ते पान घेऊन ये, बेरीज आपण बसून करू.

तुझा,
काका