आमच्या भागात मोठ्या साखळीचं सुपरमार्केट येतंय. माझ्या लहान मार्टने काय करावं, जाहिरात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात मानेवाडा रोडवर तुमचं १,२०० चौरस फुटांचं मार्ट आहे, किलोमीटरभरावर दिवाळीआधी मोठी साखळी उघडणार आहे, आणि तुम्ही दीड लाख रुपये होर्डिंग, पत्रकं आणि 'सगळ्या मालावर १० टक्के सूट' यावर लावायच्या विचारात आहात. ते पैसे तसे लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. मी इतवारीत ठोक किराण्याच्या पेढीवर काम केलंय, आता शहरातल्या दोन मध्यम दुकानांची खरेदी बघतो.

आधी समोरचा स्वस्त विकतो कसा, ते नीट बघा. डीमार्टचं उदाहरण घेऊ. राधाकिशन दमाणींनी २००२ मध्ये पवईला पहिलं दुकान काढलं, आणि मार्च २०२४ अखेर ३६५ दुकानं झाली होती. एवढ्या वर्षांत त्यांच्या जाहिराती तुम्ही किती पाहिल्या? फारच थोड्या. त्यांचा सगळा जोर खर्चावर आहे. बहुतेक जागा विकत घ्यायच्या किंवा लांब मुदतीच्या पट्ट्याने, म्हणजे दर वर्षी वाढणारं भाडं डोक्यावर नाही. पुरवठादाराचे पैसे आठ-दहा दिवसांत द्यायचे आणि त्या बदल्यात खरेदीचा भाव खाली आणायचा. शंभर प्रकारचे शाम्पू ठेवायचे नाहीत, जे उठतात तेवढेच ठेवायचे. ढोबळ मार्जिन, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या भावातला फरक, सुमारे १५ टक्के, तरीही नफा. भाव काउंटरवर पाडलेला नसतो, खरेदीतच खाली आलेला असतो.

आता बिग बाजार आठवा. २६ जानेवारी २००६ ला 'सबसे सस्ता दिन' सुरू केला तेव्हा देशभर दुकानांवर लोक तुटून पडले. ग्राहकाला दुकानात ओढण्यात बिग बाजार उभं करणाऱ्या किशोर बियाणींचा हात धरणारा माणूस या धंद्यात मला दिसत नाही, आणि हे मी मनापासून म्हणतो. पण खाली कर्ज साचत गेलं, भाडी थकली. कोविडनंतर बियाणींचा फ्यूचर समूह सावरलाच नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत रिलायन्सने, ज्या जागांचे भाडेकरार आपल्या नावावर घेतले होते, ती दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली. जुलैत बिग बाजार चालवणाऱ्या फ्यूचर रिटेलवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. गर्दी होती, तरी दुकान गेलं.

म्हणून तुमचे दीड लाख खरेदीत घाला. समजा तुमच्याकडे १० लाखांचा माल आहे आणि तो महिन्यातून एकदा फिरतो. खरेदीवर १० टक्के मिळाले तर वर्षाला १२ लाख सुटतात. तोच माल महिन्यातून दीड वेळा फिरवला आणि मार्जिन ८ टक्क्यांवर आणलं, तर १४ लाख ४० हजार सुटतात. भाव कमी करूनही कमाई वाढली, आणि भांडवल तेवढंच. हे जमवायचं तर रॅकवरचा झोपलेला माल आधी काढा. तीन महिन्यांत न हललेल्या प्रत्येक वस्तूची यादी करा, डिस्ट्रिब्युटरच्या सेल्समनला दाखवा, बदलून मिळत असेल तर बदला, नाहीतर खरेदीभावात विकून मोकळे व्हा. स्कीम चांगली आहे म्हणून सहा महिन्यांचा साबण भरून ठेवणं बंद करा. मोकळ्या झालेल्या पैशातून रोखीने उचला. रोख दिले की बरेच डिस्ट्रिब्युटर एखाद-दोन टक्के सोडतात, आणि तोच टक्का तुमची खरी सूट आहे.

सगळ्या मालावर सूट देण्याची गरजही नसते. घरच्या बाईला फार तर वीस-पंचवीस वस्तूंचे भाव तोंडपाठ असतात: साखर, सोयाबीन तेल, फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल, तूर डाळ, चहापत्ती, कपड्याचा साबण, असं काहीसं. त्यावरूनच ती दुकान महाग की स्वस्त ठरवते. या वस्तूंचा भाव दर आठवड्याला मोठ्या दुकानात जाऊन बघून या आणि एक-दोन रुपयांच्या फरकात ठेवा, मग नफा नाममात्र राहिला तरी चालेल. मसाले, सुका मेवा, पूजेचं साहित्य, डबे-बाटल्या यावर कमवा.

आणि सुट्या मालाकडे दुर्लक्ष करू नका. २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदळावर जुलै २०२२ मध्ये ५ टक्के जीएसटी आला, गिऱ्हाइकासमोर तोलून दिलेल्या सुट्या मालावर तो नाही. कळमना आणि इतवारीचे ठोक बाजार तुमच्यापासून तासाभराच्या आत आहेत. तूर डाळ स्वतः हातात घेऊन निवडता येते, नमुना शिजवून बघता येतो. 'या दुकानातली डाळ लवकर शिजते' हे एका गल्लीत पसरलं की त्याच्यासारखी जाहिरात नाही.

माझ्या मते तुमची सगळ्यात मोठी ताकद मात्र आपल्या भागाचं वर्षचक्र आहे. मार्च लागला की वाळवणाचा साबुदाणा, पापडखार, कुरड्यांचा गहू हवा. उन्हाळ्यात वर्षाचं तिखट करायला भिवापुरी मिरची आणि वायगावची हळद लोक शोधत फिरतात. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल, त्याची झूल, पोरांना द्यायचा बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे. महालक्ष्म्यांना आंबिलीची ज्वारी, पुरणाची चणा डाळ, गूळ, फुलोऱ्याचं सामान, सगळं एका जागी. मोठ्या साखळीचं रॅक बरंचसं वरून ठरतं, तिथे हे सगळं वेळेवर लागेलच असं नाही. तुमच्याकडे आठ दिवस आधी, दारातच लागलं पाहिजे. त्या दिवसांत आलेली बाई महिन्याची यादीही तुमच्याकडेच देऊन जाते, हे मी दोन्ही दुकानांत बघतोय.

जाहिरात एवढीच करा: नेहमीच्या घरांची व्हॉट्सअॅप यादी बनवा, आठवड्यातून एकच निरोप, त्यात पाच भाव आणि जवळ आलेल्या सणाचं सामान. रोज पाठवाल तर लोक बघणं बंद करतील. यादी आली की संध्याकाळपर्यंत माल घरपोच. अॅप बनवून देतो म्हणणाऱ्यांना सध्या नाही म्हणा.

उधारीबद्दल थोडक्यात: पगारदार घरांना महिन्याचं खातं ठेवा, पण मर्यादा ठरवून. ही सोय मोठ्या दुकानात मिळत नाही. मात्र मागचं खातं मिटल्याशिवाय पुढचं उघडू नका, नाहीतर फिरणारा पैसा तिथेच अडकतो.

शेवटचं आणि तातडीचं. गाळा भाड्याचा आहे की स्वतःचा, हे तुम्ही लिहिलं नाही. भाड्याचा असेल तर याच महिन्यात मालकाशी बसा. मोठं दुकान उघडलं की त्या पट्ट्यातली भाडी चढू शकतात. आजच पाच वर्षांचा करार, दर वर्षीची वाढ आकड्यात लिहून, नोंदणी करून घ्या. दीड लाखांतले काही अनामत वाढवण्यात गेले तरी द्या.