वाचकांचे प्रश्न : गोल पाठवला, सरळ परतला

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या मायक्रोकॅव्हिटीवर (दोन आरशांमध्ये प्रकाश कोंडणाऱ्या सूक्ष्म पोकळीवर) काम करते. तिच्यातल्या पोलॅरिटॉनचे (प्रकाश आणि पदार्थातले उत्तेजन मिळून बनलेल्या कणांचे) स्पिन (कणाचा दिशा असलेला अंगभूत गुण) एकाच दिशेला उभे करायला वर्तुळाकार ध्रुवित (विद्युत क्षेत्राची दिशा गोल फिरणारा) लेसर पोलॅरिटॉनच्याच ऊर्जेवर टाकते, पण बाहेरचा प्रकाश बराचसा रेषीय (क्षेत्र एकाच रेषेत हलणारा) निघतो. चूक कुठे?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : नमुन्यावर संशय घेण्याआधी लेसरची वाट तपासा. क्वार्टर-वेव्ह प्लेट (रेषीय प्रकाश वर्तुळाकार करणारी चकती) सुरुवातीलाच लावली असेल, तर पुढचा तिरका डायइलेक्ट्रिक (पारदर्शक थरांचा) आरसा वर्तुळाचे लंबवर्तुळ करून टाकतो. प्लेट शेवटी, ऑब्जेक्टिव्हच्या (नमुन्यावर प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाच्या) अगदी आधी हवी. तिच्या आधी पोलरायझर (एकाच दिशेचा रेषीय प्रकाश सोडणारी गाळणी). आता नमुन्याच्या जागी चांदीचा आरसा ठेवा. परतीचा प्रकाश प्लेटमधून दुसऱ्यांदा जाताना त्याच्या ध्रुवीकरणाची दिशा ९० अंश वळते आणि तो पोलरायझरला अडतो. पोलरायझरमधून परत येणारा प्रकाश कमीत कमी होईपर्यंत प्लेट हळूहळू फिरवा. (ठाण्याच्या मल्टिप्लेक्समधून वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा थ्रीडी चष्मा घरी आला असेल, तर तो घालून आरशासमोर एक डोळा मिटा : उघड्या डोळ्याची काच काळी, मिटलेला डोळा स्वच्छ. तत्त्व तेच.) हीच चाचणी क्रायोस्टॅट (नमुना अतिथंड ठेवणारे भांडे) थंड असताना पुन्हा करा, खिडकीचे स्क्रू करकचून आवळले असतील तर ताणलेली काचही ध्रुवीकरण बिघडवते.

आरशावर सगळे ठीक, नमुन्यावरच बिघाड? मग स्फटिकातला ताण बघा. त्याने दोन रेषीय मोडच्या (एकमेकांना लंब ध्रुवीकरणाच्या अवस्थांच्या) ऊर्जेत फरक पडतो आणि स्पिनला तो आडव्या चुंबकीय क्षेत्रासारखा जाणवतो. स्पिन त्याभोवती फिरू लागतो. फरक ५० मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट असेल तर एक फेरी ८३ पिकोसेकंदांची. पोलॅरिटॉनचे आयुष्य २० पिकोसेकंद धरले, तर तेवढ्यात पाव फेरी होते आणि उभा स्पिन आडवा होतो. उभ्या स्पिनचा प्रकाश वर्तुळाकार, आडव्याचा रेषीय, म्हणजे गोलाचे सरळ. काही लवकर विझतात, काही उशिरा. सरासरीत वर्तुळाकारपणा जेमतेम ३० टक्के उरतो. तुमचे चित्र हेच दिसते.

उपाय? लेसरचा ठिपका सरकवून कमी ताणाची जागा शोधा. नाहीतर पॉवर वाढवा : समान स्पिनचे पोलॅरिटॉन एकमेकांना जोरात ढकलतात, विरुद्ध स्पिनचे सहसा थोडे ओढतात. एका स्पिनची गर्दी झाली की उभ्या दिशेचे क्षेत्र आपोआप तयार होते, आणि ते ५० मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या बरेच वर गेले की आडवे क्षेत्र स्पिनला हलवू शकत नाही. मात्र हावरटपणा नको. उत्सर्जनाची ऊर्जा चढत चढत रिकाम्या कॅव्हिटीच्या (पोलॅरिटॉन नसलेल्या पोकळीच्या) मोडच्या ऊर्जेला टेकली, तर पोलॅरिटॉन संपले; उरला तो साधा लेसर.

रेषीय ध्रुवित लेसर टाकल्यावर कोनानुसार चार पाकळ्या दिसत असतील, आलटून पालटून उजव्या-डाव्या ध्रुवीकरणाच्या, तर तो बिघाड नव्हे. तो ऑप्टिकल स्पिन हॉल परिणाम : २००५ मध्ये भाकीत, २००७ मध्ये प्रयोगात दिसला.