दोनशे खुर्च्या नकोत, तीस संगणक पुरेत

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या तृतीय वर्षाला आहे. ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही वाचता-बदलता येतो अशा, सॉफ्टवेअरचा प्रसार व्हावा म्हणून सप्टेंबरमध्ये ‘सॉफ्टवेअर फ्रीडम डे’ साजरा करण्याचा आम्हा सहा जणांचा विचार आहे. सभागृहात दोनशे विद्यार्थी, तीन व्याख्याने, प्रश्नमंजूषा आणि सर्वांना प्रमाणपत्र असा आराखडा तयार आहे. विभागप्रमुखांनी तोंडी होकार दिला आहे. वडिलांचे म्हणणे मात्र असे, की प्लेसमेंट तोंडावर असताना या भानगडीत न पडता कोडिंग आणि अ‍ॅप्टिट्यूडचा सराव करावा. अशा उपक्रमाचा करिअरला खरोखर उपयोग होतो का?

उत्तर : वडिलांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, म्हणून आधी त्याविषयी. ज्या कंपन्या एका फेरीत शेकडो मुले घेतात, त्यांची पहिली चाळणी गुणांची आणि ऑनलाइन परीक्षेची असते. ‘कार्यक्रमाचे आयोजन केले’ ही बायोडेटातील ओळ त्या चाळणीत वाचलीही जात नाही. त्यामुळे सराव थांबवू नका. उरलेले अर्धे असे, की मुलाखत घेणारा स्वतः प्रोग्रॅमर असेल, तर त्याला प्रमाणपत्रात रस नसतो. तुम्ही एखाद्या प्रकल्पात केलेली दुरुस्ती, तीवर प्रकल्प सांभाळणाऱ्या अनोळखी देखभालकर्त्याने काढलेल्या चुका, तुम्ही त्यांना दिलेली उत्तरे आणि शेवटी स्वीकारली गेलेली दुरुस्ती, हे सारे त्याला एका दुव्यावर वाचता येते. म्हणजे उपयोग आयोजनाचा नाही, योगदानाचा आहे, आणि तुमच्या कार्यक्रमातून जितक्यांच्या हातून असे एखादे योगदान घडेल तितकेच त्याचे मोल.

या कसोटीवर तुमचा आराखडा मला पसंत नाही. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ आणि मनोगते यांतच पहिला दीड तास जाईल, आणि त्यानंतरच्या व्याख्यानात रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये मुक्त कार्यप्रणाली घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स हा कार्यप्रणालीचा गाभा आणला, एवढे ऐकून मुले जेवायला जातील. हा इतिहास दहा मिनिटांचा आहे. इंग्रजीत ‘फ्री’ या एका शब्दामुळे जो घोळ होतो तो आपल्याकडे होण्याचे कारणच नाही, कारण ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे आपले दोन वेगळे शब्द आहेत. प्रोग्रॅम वापरण्याची, त्याचा स्रोत (मूळ कोड) वाचण्याची, त्यात बदल करण्याची आणि तो वाटण्याची मुभा म्हणजे मुक्त, हे सांगून सरळ कामाला लागावे. सभागृहाऐवजी प्रयोगशाळा मागा, दोनशेऐवजी तीस मुले घ्या आणि प्रत्येकाने एक लहान काम पूर्ण करूनच उठावे असे ठरवा.

अशा कार्यशाळा कुठे अडखळतात हे मी पाहिले आहे. एका महाविद्यालयात मुलांनी तीन तास मन लावून गिट हे कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन शिकले, बदल नोंदवले, पाठवले. आणि संध्याकाळी पाहतात तो मागच्या रांगेतील सहा-सात जणांचे काम एकाच मुलाच्या नावावर. त्या संगणकांवर आधीच्या तासाला बसलेल्या मुलाने गिटमध्ये स्वतःचे नाव आणि ईमेल घालून ठेवले होते, प्रयोगशाळेत सर्वांचे लॉगिन एकच होते, आणि गिटहब, म्हणजे गिटवरचे काम जिथे ठेवतात ते संकेतस्थळ, श्रेय ईमेल पाहून देते. म्हणून प्रत्येकाला पहिली आज्ञा शिकवावी ती स्वतःचे नाव-ईमेल घालणाऱ्या गिट कॉन्फिगची, तीही ‘ग्लोबल’ न लावता, त्या फोल्डरपुरती; आणि उठताना संगणकावर साठलेले आपले लॉगिन पुसायला लावावे. गिटहबची खाती आदल्या दिवशी घरूनच काढून आणायला सांगा, कारण एकाच जोडणीवरून लागोपाठ तीस खाती निघू लागली की पडताळणीत अडकण्याची शक्यता असते, आणि अर्धा कार्यक्रम ओटीपीची वाट पाहण्यात जातो.

लिनक्स बसवून देण्याचा मोह तुम्हाला होईलच. तो आवरा. हल्लीच्या अनेक विंडोज लॅपटॉपवर डिस्कला कुलूप लावणारा बिटलॉकर चालू असतो. बूटची, म्हणजे संगणक सुरू होण्याची, मांडणी बदलली की तो अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की मागतो, आणि ती कुठे आहे हे मालकाला बहुधा ठाऊक नसते. एकाचा जरी लॅपटॉप असा बंद पडला, तरी पुढच्या वर्षी विभागप्रमुख परवानगी देणार नाहीत आणि त्यांचे चुकणारही नाही. संगणकावर न बसवता पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालवून दाखवा, तेही बिटलॉकर नसलेल्या किंवा महाविद्यालयाच्या संगणकावर. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराची प्रतिमा (बसवण्याची फाइल) पाच-सहा जीबीची असते. तीस जणांनी ती एकाच वेळी उतरवायला घेतली तर महाविद्यालयाचे इंटरनेट तिथेच बसेल, त्यामुळे आदल्या रात्री एकदाच उतरवून आठ-दहा पेनड्राइव्ह भरून ठेवा. खर्च म्हणाल तर एवढाच, आणि चहा-वडापावचा.

कार्यक्रम संगणक शाखेपुरता ठेवू नका, असे मी आग्रहाने सांगेन. आयआयटी मुंबईच्या फॉसी या, शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर आणणाऱ्या, प्रकल्पाने या बाबतीत मोठे काम केले आहे: स्थापत्यच्या मुलांसाठी पोलादी बांधकामाचे आराखडे भारतीय मानकांप्रमाणे तपासणारे ‘ओस्डॅग’, इलेक्ट्रॉनिक्ससाठी सर्किटचे आराखडे करणारे ‘ई-सिम’, आणि विद्यार्थ्यांसाठी फेलोशिप व इंटर्नशिपसुद्धा. तिथल्याच स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाचे सॉफ्टवेअर शिकवणारे अनेक पाठ मराठीत ऐकता येतात. ज्यांना कोड लिहायची भीती वाटते त्यांना मराठीकरणाकडे वळवा. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरचे भाषांतर वेबलेट या भाषांतराच्या व्यवस्थेत ब्राउझरमधूनच करता येते, आणि ‘सेव्ह’साठी ‘जतन करा’ बरे की ‘साठवा’, यावर चार मुले हिरिरीने भांडली तर तो वेळ वाया गेला असे मी तरी म्हणणार नाही.

एका गोष्टीपासून मात्र मुलांना दूर ठेवा. ओपन सोर्स योगदानाला प्रोत्साहन देणारा ऑक्टोबरमधील ‘हॅक्टोबरफेस्ट’ हा उपक्रम 2014 पासून चालतो, पण 2020 मध्ये बक्षिसाच्या टी-शर्टच्या लोभाने असंख्य लोकांनी प्रकल्पांच्या माहितीपत्रकांत एखादे विशेषण घुसडून ‘योगदान’ म्हणून पाठवले, देखभालकर्ते त्रासून गेले आणि नियम बदलावे लागले. असले योगदान मुलाखतकाराच्या नजरेस पडले तर ते नसण्यापेक्षा वाईट.

‘गुगल समर ऑफ कोड’विषयी तुम्ही विचारलेले नाही, पण वडिलांना सांगण्याजोगे ते हेच आहे. नवोदितांना ओपन सोर्स प्रकल्पांत काम देणारी, 2005 पासून चालणारी ही योजना 2022 पासून विद्यार्थ्यांबरोबरच अठरा वर्षांवरील इतर नवोदितांनाही खुली झाली. मानधन मिळते, काम घरूनच करायचे असते, आणि निवड करताना संस्था पाहतात ती अर्जाआधीची त्यांच्या प्रकल्पातील तुमची ये-जा. अर्ज वसंतात भरायचे असतात, म्हणजे सप्टेंबरमध्ये सुरुवात करणाऱ्याला पाच-सहा महिने मिळतात.

सॉफ्टवेअर फ्रीडम डे बहुधा सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी येतो, आणि आपल्याकडे गणपती व चाचणी परीक्षा त्याच सुमारास असतात. तारखेचा हट्ट धरू नका, आठवडा पुढे सरकवा. विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज देताना त्या एका दिवसाबरोबरच दर शनिवारी दुपारी दोन तास प्रयोगशाळेची किल्ली मागा. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे, तो कसा चालतो हे एकदा जाऊन पाहिलेत तर अर्जात लिहायला मुद्दे मिळतील. आणि अर्ज देण्यापूर्वी तुम्ही सहाही जणांनी स्वतःची एकेक दुरुस्ती कुठे तरी स्वीकारली जाईपर्यंत लावून धरा. त्याला दोन आठवडेही लागतील, एखादी नाकारलीही जाईल. ज्याची नाकारली गेली त्यालाच कार्यक्रमात पहिले बोलायला उभे करा. प्रश्न सर्वांत जास्त त्यालाच विचारले जातील.