सतरा नावं डोक्यात बसत नाहीत!

प्रश्न: मी रिटायर झाल्यावर मोबाईलवर स्पॅनिश शिकतेय. आता स्पेनचे १७ स्वायत्त प्रदेश पाठ करायला घेतलेत, पण आन्दालुसिया, आरागॉन, आस्तुरियास इथेच गाडी अडते, सगळे 'आ'. आणि कास्तिया दोनदा आलंय ती छपाईची चूक आहे का? - एक वाचक, सातारा

उत्तर: चूक नाही ताई, कास्तिया खरंच दोन आहेत, सांगतो. आधी ती एबीसीडीची यादी बाजूला ठेवा आणि नकाशावर बोट फिरवा, शाळेत ठाणे-रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्ग असं वरून खाली म्हणायचो ना, तस्संच. वरच्या किनाऱ्याला डावीकडून गालिसिया, आस्तुरियास, कान्ताब्रिया, बास्क, हे चार एका दमात. मग फ्रान्सच्या सीमेला धरून नावार्रा, आरागॉन, कातालुन्या आणि नावार्राच्या खाली चिमुकला ला रिओहा (लिहिताना जे, म्हणताना ह, इथे सगळेच एकदा फसतात). उजव्या किनाऱ्याने उतरलात की वालेन्सिया, मुर्सिया, तळाला ऐसपैस आन्दालुसिया, तिथून पोर्तुगालच्या कडेने वर चढताना एक्स्त्रेमादुरा. झाले की १२!

आता मधला भाग. माद्रिदवर बोट ठेवा, वर कास्तिया इ लेओन, खाली कास्तिया-ला मान्चा, तीच ती केशरवाली ला मान्चा. पूर्वी वरच्याला जुनं कास्तिया आणि खालच्याला नवं म्हणायचे, माद्रिद त्या नव्यातच होतं, १९८३ मध्ये वेगळं झालं. कास्तिया म्हणजे किल्ल्यांचा मुलूख, सातारकरांना हे विसरायला होणार नाही. लेओनचा अर्थ मात्र सिंह असला तरी गावाचं नाव आलंय तिथे तळ ठोकलेल्या रोमन सैन्याच्या 'लेजिओ'वरून, सिंह नंतर झेंड्यावर येऊन बसला.

राहिली दोन बेटं, म्हणजे बेटांचे समूह. बालेआरेस वालेन्सियासमोरच्या समुद्रात आहेत. कानारियास पार मोरोक्कोच्या बाजूला, पण नकाशात जागा पुरत नाही म्हणून कोपऱ्यात चौकट करून छापतात आणि आपल्याला वाटतं स्पेनच्या पायाशीच आहेत, माझाही बरीच वर्षं तोच समज होता. सेउता आणि मेलिया ही आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची स्वायत्त शहरं, ती १७ मध्ये धरू नका, नाहीतर आकडा १९ होतो आणि परत सगळं मोजत बसावं लागतं.