जुन्या ८ मिमी प्रोजेक्टरवर चित्राच्या मधोमध काळी पट्टी येते आणि फ्रेमिंगचं बटण जाम आहे. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की आजोबांचा प्रोजेक्टर चालतो, दिवाही लागतो, पण पडद्यावर मधोमध आडवी काळी पट्टी येते आणि तिथेच स्थिर राहते. पट्टीच्या वर आजीचे पाय आणि खाली तिचं डोकं. फ्रेमिंगचं बटण हलत नाही, तर पक्कड लावून फिरवू का, असं विचारलंय.

पक्कड लावू नका. मी लावली होती. माझ्या पहिल्या प्रोजेक्टरचं बटण असंच घट्ट बसलं होतं. जोर दिला आणि आतला प्लास्टिकचा दांडा कट्‌कन तुटला. तो सुटा भाग कुठेच मिळेना, शेवटी पितळेच्या पट्टीतून कानशीने घासून तसाच एक बनवला. मशीन उघडल्यावर कळलं की बटणात बिघाड नव्हताच. त्याच्या दांडीवरचं ग्रीस इतक्या वर्षांत वाळून लाखेसारखं झालं होतं. तुमच्याकडेही बहुधा तेच झालं असणार.

आधी ते बटण करतं काय, ते बघू. फिल्म दिव्यासमोरून जिथून सरकते त्या फटीला गेट म्हणतात. गेटमध्ये एक चौकोनी खिडकी असते. तिच्याजवळ एक छोटी नखी, म्हणजे क्लॉ, असते. ती फिल्मच्या भोकात शिरते, फिल्म बरोबर एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, खाली ओढते, बाहेर येते आणि परत वर जाते. सेकंदाला १६ किंवा १८ वेळा. ओढून झाल्यावर फ्रेम खिडकीसमोर नेमकी थांबली तर चित्र पूर्ण दिसतं, थोडी वरखाली थांबली तर दोन फ्रेममधली रेघ खिडकीत येते. तीच तुमची काळी पट्टी. फ्रेमिंगचं बटण एक तर खिडकी वरखाली सरकवतं किंवा नखीची थांबण्याची जागा बदलतं. तुमच्या मशीनमध्ये यातलं काय आहे ते बटण सुटल्यावर लगेच कळेल: फिल्म न लावता दिवा लावा आणि बटण फिरवा. पडद्यावरचा पांढरा चौकोन हलला तर खिडकी सरकते, स्थिर राहिला तर नखीची जागा बदलते. खिडकी सरकणारी असेल तर फ्रेमिंग केल्यावर चित्र पडद्यावरून थोडं वरखाली जाणारच. तो दोष नाही, प्रोजेक्टर थोडा कलता करून घ्यायचा.

पण मशीन उघडण्याआधी पाच मिनिटं नुसती ती पट्टी बघत बसा. माझ्या मते अर्धी दुरुस्ती तिथेच होते. पट्टी एका जागी ठाम उभी असेल तर प्रश्न फक्त फ्रेमिंगचा आहे. हळूहळू चढत किंवा उतरत असेल तर बटणाची पकड सैल झाली आहे आणि यंत्राच्या थरथरीने ते आपोआप सरकतंय. अशा वेळी दांडीवरची स्प्रिंगची चकती बघा, ती चपटी झालेली असते. आणि पट्टी उड्या मारत असेल तर फ्रेमिंगच्या बटणाला हातही लावू नका, कारण दोष तिथे नाही. गेटच्या वर आणि खाली फिल्मचा जो सैल वळसा ठेवतात, तो लूप, नाहीसा झाला असेल. गेटमध्ये फिल्मचा मळ साचला असेल, किंवा नखी भोक चुकवत असेल. तेच रीळ पुन्हा चालवून बघा. उडी प्रत्येक वेळी त्याच प्रसंगावर येत असेल तर फिल्मची भोकं फाटली आहेत, कुठेही येत असेल तर मशीनमध्ये शोधायचं.

तुम्ही म्हणता पट्टी स्थिर आहे, म्हणजे जाम बटण सोडवायचं. प्लग काढा, दिवा पूर्ण गार होऊ द्या. बाजूचं झाकण काढा आणि स्क्रू काढण्याआधी फोनवर फोटो घ्या. बटणापासून आत जाणारी दांडी आणि तिच्या टोकाचा दांडा किंवा कॅम, म्हणजे फिरताना भाग सरकवणारी वेडीवाकडी चकती, शोधा. वाळलेलं ग्रीस पिवळट-तपकिरी दिसतं, लाकडी टूथपिकने खरवडून निघतं तेवढं काढा. मग कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन सांध्याशी थेंब थेंब सोडा. आजूबाजूला प्लास्टिक असेल तर आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघा. अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे खिडक्या उघड्या ठेवा आणि ते पूर्ण उडाल्याशिवाय प्लग लावू नका. पंधरा मिनिटं थांबा, बोटांनी हलकेच इकडेतिकडे करा, परत थेंब सोडा. मला एकदा यात अख्खी संध्याकाळ गेली होती. आधी केसभर हलतं, मग नखभर, मग एकदम मोकळं होतं. मोकळं झाल्यावर जुनं सगळं पुसून काढा आणि अगदी थोडं पातळ ग्रीस लावा. जास्त लावलं तर ते गेटमध्ये आणि फिल्मवर येतं.

बटण सहज फिरतंय पण पट्टी हलतच नाही, असं झालं तर दांडीवरचा बारीक स्क्रू सैल असतो किंवा आतला दांडा निसटलेला असतो. नखीच्या आणि शटरच्या (फिल्म सरकताना उजेड अडवणाऱ्या पात्याच्या) जोडणीचे स्क्रू मात्र सोडू नका. त्यांचा मेळ बिघडला की पांढऱ्या गोष्टींमागे उभे ओघळ दिसू लागतात, आणि ते परत जुळवणं फार कष्टाचं आहे.

आणखी एक गोष्ट जरूर तपासा. ८ मिमी फिल्म दोन प्रकारची असते. कोडॅकने १९३२ मध्ये आणलेली साधी ८ आणि १९६५ मधली सुपर ८. साध्या ८ ची भोकं मोठी आणि दोन फ्रेममधल्या रेघेशी असतात, सुपर ८ ची छोटी आणि फ्रेमच्या मध्याशी. एका भोकापासून पुढच्या भोकाचं अंतर साध्या ८ ला ३.८१ मिमी, सुपर ८ ला ४.२३ मिमी. दोन्ही चालवणाऱ्या मशीनवर कळ चुकीच्या बाजूला राहिली तर कितीही फ्रेमिंग करा, चित्र बसणार नाही, वर भोकं फाटतील. फिल्म उजेडात धरून भोकं बघा, शंका राहत नाही.

फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती आकसत चाललेली असते. फ्रेमिंगमध्ये त्याने फारसा फरक पडत नाही, कारण नखी प्रत्येक फ्रेम नव्याने पकडते, पण एका मर्यादेनंतर तिला भोकच सापडत नाही आणि फिल्म चिरते. असं रीळ प्रोजेक्टरवर घालू नका, स्कॅन करून घ्या. बाकी चाचण्याही बिनमहत्त्वाच्या फिल्मवर करा, आजीच्या रिळावर नाही. आणि चाचणी करताना फिल्म गेटमध्ये थांबवून दिवा चालू ठेवू नका, ती फ्रेम जळते.

सगळं दुरुस्त झाल्यावर आजीचं रीळ लावाल तेव्हा जोड आले की पट्टी पुन्हा डोकावेल. घाबरू नका. प्रत्येक कॅमेऱ्यात भोकाच्या तुलनेत फ्रेमची जागा किंचित वेगळी पडते, आणि घरच्या रिळात दोन-तीन कॅमेऱ्यांचे तुकडे जोडलेले असतात. म्हणून एक हात बटणावर ठेवूनच बसा. जोड गेला की हलकेच फिरवायचं, डोकं वर, पाय खाली.